आम्हां सर्वांवर

शुक्रवारी दुपारी कुवेतच्या महबूल्यातून फारूकची गाडी निघाली, की मागच्या सीटवर अलिना हिवाळे डोळे मिटून पुटपुटायला लागायची. फारूक रत्नागिरीकडचा. जुम्म्याची नमाज आटोपली, की अलिनाला शहरातल्या चर्चला नेऊन सोडणं हे त्याचं ठरलेलं काम. त्याला वाटायचं, बाई प्रार्थना करतेय, म्हणून तो भल्या मनानं रेडिओ बंद करायचा. बिचारा! बाई प्रार्थनाबिर्थना काही करत नव्हती. बाई एक वाक्य पाठ करत होती: मी आता थांबते.

एवढंसं वाक्य. पण गाडीत घोटून घोटून पक्कं झालेलं हे वाक्य चर्चच्या जिन्यात पोचेपर्यंत घशात अडकायचं, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी "आल्या, आल्या, अलिनाताई आल्या!" म्हटलं की पार पोटात जाऊन बसायचं. तासभराची उपासना न बघता म्हणणारी ही बाई, पण स्वतःचं एक वाक्य काही तिच्या तोंडून फुटेना. गेली दोन-तीन वर्षं हेच चाललं होतं.

चर्च म्हणजे काही मनोरा-घंटावालं चर्च नव्हे हं. एक मोठं कंपाउंड, त्यात निरनिराळ्या भाषांच्या मंडळ्या आपापल्या वेळेला भक्तीला येणार. मराठी मंडळीच्या वाट्याला वरच्या मजल्यावरची एक खोली आणि शुक्रवारची संध्याकाळ. खोलीच्या खिडक्या धुळीसाठी टेप लावून कायमच्या बंद केलेल्या. भिंतीपलीकडे तमिळ गाणी, खाली कुणाचा तरी ड्रम, आणि आपली वेळ संपत आली, की दाराबाहेर पुढच्या मंडळीची माणसं गिटार घेऊन उभी. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येत, प्रभुभोजन देत, इंग्रजीत. मराठीतलं म्हणून त्यांना आपल्या मंडळींचा 'सलाम' तेवढा येई. बाकीचे शुक्रवार अलिनाचे.

हे तिच्या गळ्यात कसं पडलं, तेही ऐका. पूर्वी ही मंडळी पुण्याचे एक उजगरेसर चालवत. त्यांना कॅनडाचा व्हिसा मिळाला, आणि जाता जाता ते म्हणाले, "अलिनाबाई, दोन महिने तेवढं सांभाळा. कुणीतरी मिळेलच." ते दोन महिने अजून संपलेले नाहीत. उजगरेसरांच्या नातवाचं तिकडं लग्न झालं!

अलिना जालन्याची. भिंगारच्या हिवाळ्यांकडे सून म्हणून आली, आणि नवऱ्याच्या, आलोकच्या मागं कुवेतला. नोकरी अर्दियात, एसीचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीच्या गोदामात. कुठला भाग कुठल्या फळीवर आहे ते सांगण्याची. सासरे खेड्यापाड्यांतून पाळकी केलेले. ती मंडळीत वाचन करायला लागली तेव्हा त्यांनी भिंगारहून फोनवर तिला एकच गोष्ट बजावली. म्हणाले, "सूनबाई, शेवटी आशीर्वाद म्हणताना हात वर करायचा नाही, आणि 'तुम्हां सर्वांवर' म्हणायचं नाही. ते दीक्षा घेतलेल्या पाळकानं म्हणायचं. तू म्हणायचं, 'देवाची शांती आम्हां सर्वांवर राहो.' तू देणारी नव्हेस. तू घेणाऱ्यांतली."

अलिनानं ते असं काही मनावर घेतलं, की विचारू नका. एकदा तिला सणकून ताप आला, म्हणून सेक्रेटरी अनुप रणपिसेनं उपासना चालवली. पोरगा आयटीतला, उत्साही. शेवटी रंगात येऊन त्यानं दोन्ही हात वर केले आणि दणक्यात म्हणाला, "तुम्हां सर्वांवर!" पुढच्या शुक्रवारी अलिनानं सगळ्यांसमोर त्याची अशी हजेरी घेतली, की त्याचे कान लाल झाले. "एका शब्दात माणूस कुठं उभा आहे ते कळतं, अनुप! आपण त्यांच्यातले की वरचे?"

झालं. त्यानंतर वाचायला उभं राहायची कुणाची छाती होईना. चारुता भागवत, बँकेतली, गळा असा गोड की दुसरी असती तर सगळी मंडळी गाण्यानं जिंकून घेतली असती, पण वाचायचं नाव काढलं की तिचं आपलं "नको बाई, मला नाही जमायचं. अलिनाताई आहेत ना!"

आहेत ना! हे दोन शब्द म्हणजे अलिनाच्या पायातली बेडी. चहाचं बघायला कोण? अलिनाताई आहेत ना. कंपाउंडच्या ऑफिसात वेळेसाठी भांडायला कोण? आहेत ना. जालन्याचा एक ड्रायव्हर गेल्या साली इथं अचानक वारला, शवागारातून त्याचं सामान आणायला आणि त्याच्या बायकोला फोन करायला कोण? आहेत ना. आणि खरं बोलायचं, तर हे कुलूप बाहेरून जेवढं लागलं होतं तेवढंच आतूनही. कुणी खुर्च्या मांडल्या तर ही त्या पुन्हा सरळ करणार. कुणी चहा केला तर ही झाकण उचलून बघणार. लोकांनी हात आखडता घेतला, यात नवल काय!

पण ती करायची ते प्रेमानंच, हेही खोटं नाही. ही खोली गेली तर पुन्हा मिळायची नाही, हे तिला ठाऊक होतं. बाहेर गिटारवाले उभेच होते. चालवणारं माणूस नाही असं कळलं असतं, तर ऑफिसनं ती वेळ त्यांना देऊन टाकली असती. मग आपल्या तीस-चाळीस माणसांनी आपल्या भाषेत रडायचं कुठं?

इकडे आलोकची नोकरी गेली आणि तो भिंगारला परतला. "तू वर्षभरात ये," म्हणाला. मग त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं. ती पंधरवडाभर जाऊन आली. मुलगी उर्वी आयर्लंडात, ती फोनवर इंग्रजीत काळजी करते. आलोक एकटा राहतो, एकटा खिचडी टाकतो, आणि शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवरून कुवेतच्या उपासनेला हजर राहतो. बायकोला तासभर बघायला मिळतं म्हणून, दुसरं काय! त्याच्या कुकरच्या शिट्ट्या उपासनेत ऐकू यायच्या, म्हणून चारुता त्याचा आवाज बंद करून ठेवायची.

गेल्या महिन्यात तो न्हाणीघरात पडला. त्यानं फोनवर ते विनोदासारखं सांगितलं, "साबणाचं आणि माझं वाजलं." खरं शेजारणीकडून कळलं. सकाळी पडला होता, दूधवाल्यानं दार वाजवलं तेव्हा दुपार टळायला आली होती. तोवर हा फरशीवर.

अलिनानं फोन ठेवला आणि गोदामाच्या फळ्यांमध्ये उभी राहून हुंदके देऊन रडली. इकाम्याची, म्हणजे इथं राहायच्या परवान्याची, मुदत संपत आलीच होती. डोळे पुसून तिनं आलोकला फोन लावला. "यंदा इकामा रिन्यू करणार नाही. शब्द देते."

तो म्हणाला, "अलिना, तू शब्द देत जाऊ नकोस. मी पुन्हा वाट बघायला लागतो."

हे तिला असं लागलं, की त्या रात्री घास उतरला नाही.

आणि आता तो आठवडा आला. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कागदांची धावपळ करणारा माणूस, नबील, अर्दियाला येऊन तिच्या टेबलाशी उभा राहिला. "मदाम, तज्दीद या इल्गा?" चालू ठेवायचा की रद्द? "रविवारी सकाळी सांग. मग पेपर आत जाणार, मग मला बोलू नको."

मधला शुक्रवार नेमका मंडळीच्या वार्षिक सभेचा. त्यात सांगायचं, कुणाच्या तरी हाती मंडळी सोपवायची, रविवारी 'इल्गा' म्हणायचं. आलोकलाही तिनं तसं कळवलं. न सांगता पळून जाणं तिच्यानं होणार नव्हतं, आणि सांगितलं नाही तर नबीलपुढं तोंडातून 'तज्दीद' निघणार, हे तिला स्वतःविषयी चांगलं माहीत होतं.

त्या शुक्रवारी गुबार, म्हणजे धुळीचं वादळ होतं. आभाळापासून रस्त्यापर्यंत सगळं मातकट. फारूकनं गाडीचे दिवे लावले होते.

"ताई, आज रजा घ्यायची. अशा हवेत कोण येतंय?"

"सगळे येतील. आज सभा आहे."

"आमच्या इमामसाहेबांना पण सुट्टी असते हो. तुम्हाला नसते काय?"

"फारूक, मला सुट्टी मागताच येत नाही रे," अलिना म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटून घोकायला लागली. मी आता थांबते. मी आता थांबते.

सगळे आले होते. खोलीत धुळीचा वास, एसीची घरघर, बायकांच्या पदरांनी नाकं झाकलेली. पुढं स्टँडवर चारुताचा टॅब, त्यावर घरून जोडलेल्यांचे चेहरे, आणि कोपऱ्यात आलोक, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला. बायकोचा निरोपाचा दिवस म्हणून गड्यानं घरच्या घरी इस्त्रीचा शर्ट घातला होता!

उपासना झाली. आशीर्वाद तेवढा राखून ठेवला, तो सभेनंतर. अनुप उठला. अहवाल वाचला, टाळ्या झाल्या. मग पंचकमिटीची निवड. आपल्याकडे निवड कशी होते ते तुम्हाला ठाऊकच आहे.

"मी सुचवतो," अनुप म्हणाला, "आहे तीच कमिटी, अलिनाताईंच्या नेतृत्वाखाली, पुढं चालू ठेवावी."

"अनुमोदन!" मागून तिघं एकदम.

"थांबा जरा," अलिना उठून म्हणाली.

"ताई, एक मिनिट," अनुपनं हात जोडले. "मी आधी बोलतो. गेले चार दिवस एक अफवा फिरतेय. ताई चालल्या म्हणे! मला तर झोप नाही. माझ्या मुलांनी येशूचं नाव मराठीत तुमच्या तोंडून ऐकलंय, ताई. इंग्रजीत उत्तरं देणारी पोरं तुमच्यापुढं मराठीत प्रार्थना म्हणतात. तुम्ही गेलात तर ही खोली महिनाभरही टिकायची नाही. तेव्हा आज सगळ्यांसमोर एकदा सांगून टाका."

तो हे अगदी मनापासून बोलत होता. ढोंगी असता तर तिनं केव्हाच झटकून टाकला असता. दोन बायका डोळे पुसायला लागल्या. सगळी खोली तिच्याकडे बघत होती, आणि खिडक्या बंद.

अलिनानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. आणि काय सांगू, ते वाक्य या खेपेला घशातून वर आलं. स्पष्ट, खणखणीत.

"मी आता थांबते."

आणि टाळ्यांचा कडकडाट!

"थांबते म्हणाल्या!" अनुप ओरडला. "ऐकलंत? ताई थांबतायत! कुठं जात नाहीत!"

अगं बाई! अलिनानं कपाळाला हात लावला. तीन वर्षं जे वाक्य घोटलं, त्याचे दोन अर्थ होतात, हे तिच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. तिला म्हणायचं होतं, पुरे झालं. त्यांनी ऐकलं, राहते.

"अरे, तसं नव्हे, माझं म्हणणं असं—" पण ऐकतंय कोण! मागचं दार उघडून केकसुद्धा आला. अफवेवर उतारा म्हणून आधीच मागवून ठेवलेला केक! कुणी तिच्या गळ्यात पडलं, कुणी मुलाला तिच्या पायाशी ढकललं. "बसा ताई, बसा, दमलात." पुन्हा अनुमोदन, पुन्हा टाळ्या. ठराव मंजूर.

तिनं टॅबकडे बघितलं. आलोकनंही तेच ऐकलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच तिला सोसेना. त्यानं हळूच शर्टाचं वरचं बटण काढलं, खुर्ची मागं सारली आणि उठून गेला. चौकटीत नुसती खुर्ची उरली. खिचडी टाकायला गेला असणार.

दारावर टकटक झाली. गिटारवाले आले होते.

"ताई, आशीर्वाद घेऊन टाकू," अनुप घाईनं म्हणाला. "वेळ झाली."

सगळे उभे राहिले. माना खाली. अलिना आपल्या रोजच्या जागी उभी राहिली, हात नेहमीसारखे खाली, एकमेकांत गुंतवलेले. डोळे मिटले, तरी ती रिकामी खुर्ची काही डोळ्यांपुढून हलेना. तोंडाला काय, सवय होती. तोंड आपलं चालू झालं.

"देवाची शांती तुम्हां सर्वांवर राहो."

आमेन आलं नाही.

एखाददुसरी मान वर झाली. कुणीतरी खुदकन हसलं. अनुपनं घसा खाकरला, आणि मजेत, पण इतक्या वर्षांच्या त्या लाल कानांचं उट्टं थोडंसं काढत म्हणाला, "ताई... 'आम्हां'. 'आम्हां सर्वांवर'."

आता सगळेच हसले. चारुता तेवढी हसली नाही. ती अलिनाकडे टक लावून बघत होती.

अलिनानं डोळे उघडले. स्वतःचंच बोलणं तिला आता ऐकू आलं होतं. इतकी वर्षं हा शब्द तिनं एकदाही चुकवला नव्हता. त्या ड्रायव्हरच्या शवपेटीपाशी उभी राहून म्हणताना नाही, सासरे गेले त्या शुक्रवारीही नाही. दर आठवड्याला 'आम्हां' म्हणून ती स्वतःला या खोलीत मोजून घेत आली होती. आज तिच्या तोंडानं तिला न विचारता तिला बाहेर काढलं होतं. सुधारून घेणं अगदी सोपं होतं. नुसतं हसायचं, 'आम्हां' म्हणायचं, केक कापायचा. आणि रविवारी तज्दीद.

"नाही," ती म्हणाली. "बरोबर म्हणाले मी."

"ताई?"

"तुम्हां सर्वांवर." हात तिनं या वेळीही वर केला नाही. आवाज मात्र फाटला. "आशीर्वाद द्यायचा मला अधिकार नाही, ते मला माहीत आहे. पण मी आता तुमच्यात नाही, अनुप. मघाशी थांबते म्हणाले ते 'पुरे' या अर्थानं. मी रविवारी इकामा रद्द करतेय. माझा नवरा न्हाणीघरात पडला आणि अर्धा दिवस फरशीवर होता, आणि मी इथं तुमच्या खुर्च्या सरळ करत होते. मला घरी जायचंय रे. मला जाऊ द्या."

कुणीच हललं नाही. गंमत अशी, की आमेन झाल्याशिवाय आपल्या मंडळीत कुणी जागेवरून हलत नाही. तीस-चाळीस माणसं उभीच्या उभी, दारावर गिटारवाल्यांची टकटक वाढलेली, आणि ते एक आमेन कुणाच्या तोंडून निघेना. आमेन म्हणजे तिला जा म्हणणं. अनुपचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. तिला वाटलं, हे असेच उभे राहतील, आणि मीच शेवटी 'आम्हां' म्हणून यांची सुटका करीन.

टॅबच्या चौकटीत आलोक परत आला होता. हातात ताटली. ती तशीच हातात धरून तो उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते. आवाज बंद. एकच शब्द तो पुन्हापुन्हा म्हणत होता. कुठला, ते सगळ्यांना कळलं.

चारुतानं ते बघितलं आणि तिला रडूच फुटलं. रडता रडता ती रागावली.

"काय पण बाई आहात तुम्ही! असं सांगतात का? केकसमोर?" पदरानं नाक पुसत ती खुर्च्यांमधून वाट काढत पुढं आली. "सरका. सरका तिकडं. असं 'तुम्हां'वर उपासना संपत नसते. तुम्हीच शिकवलंत ना?"

अलिना सरकली. चारुता त्या जागेवर उभी राहिली. तिनं हात एकमेकांत गुंतवले. गाताना एवढा मोकळा असणारा तिचा गळा आता पार बसला होता.

"देवाची... देवाची कृपा," ती म्हणाली, आणि सगळ्यांना कळलं की ती चुकली. शांती म्हणायला हवं होतं. तिनं घाबरून सवयीनं अलिनाकडे बघितलं.

अलिना काही बोलली नाही. पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांच्या मधे, अनुपच्या शेजारी ती मान खाली घालून उभी होती. समोरची खुर्ची तिरकी झाली होती. तिनं तिलाही हात लावला नाही.

"आम्हां सर्वांवर राहो," चारुतानं एका दमात उरकलं.

"आमेन," अलिना म्हणाली. सगळ्यांच्या आधी, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.